फुफ्फुसांना विसावा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या भाषणात मी व्हेंटिलेटरविषयी बोललो होतो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न होता : व्हेंटिलेटरनेही भागलं नाही, तर पुढे काय? काहींनी तर यंत्राचं नावच लिहिलं होतं, एक्मो. हे नाव आपल्याकडे पोचलं ते मुख्यतः वर्तमानपत्रांतून. डिसेंबर २०१६ मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांचं हृदय बंद पडल्यावर त्यांना या यंत्रावर ठेवण्यात आलं होतं. २०२० साली गायक एस. पी. बालसुब्रमण्यम करोनाने आजारी पडले, तेव्हा चेन्नईच्या रुग्णालयात तेही कित्येक आठवडे या यंत्रावर होते. दोघेही वाचले नाहीत. त्यामुळे ‘एक्मो लावलं म्हणजे आता संपलंच’ असा एक समज लोकांत बसला. गंमत अशी, की २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत याच्या नेमका उलटा समजही मी पाहिला. ‘डॉक्टर, ते मशीन लावा, पैशाचं आम्ही बघतो,’ असं सांगणारे नातेवाईक रोज भेटत होते. जणू यंत्र मिळालं की माणूस घरी आलाच.

यंत्र एकच, आणि समज दोन टोकांचे. खरं काय आहे ते समजून घ्यायचं, तर आधी फुफ्फुसात काय बिघडतं हे पाहायला हवं.

आपलं फुफ्फुस म्हणजे कोट्यवधी बारीक बारीक फुगे, ज्यांना आपण वायुकोश म्हणतो. त्यांची भिंत इतकी पातळ असते, की आतल्या हवेतला प्राणवायू बाहेरच्या केशवाहिन्यांतल्या रक्तात सहज उतरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे सगळे वायुकोश उलगडून पसरले, तर मोठ्या माणसात साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. इन्फ्लुएंझाचा किंवा करोनाचा विषाणू या पातळ भिंतीवरच घाला घालतो. भिंत सुजते, गळू लागते आणि हवेच्या जागी प्रथिनयुक्त पाणी भरतं. विषाणूने केलेल्या इजेत शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराची भर पडते. काही दिवसांत फुफ्फुस पाण्यात बुडवून काढलेल्या स्पंजासारखं जड होतं. १९६७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचं वर्णन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. पुढे या अवस्थेला एआरडीएस हे नाव रूढ झालं. कारण विषाणू असो, जंतू असो की अपघात, फुफ्फुसाची अखेरची दशा सारखीच दिसते.

अशा रुग्णाला व्हेंटिलेटर लावतात. व्हेंटिलेटर हा मुळात भाता. तो हवा आत ढकलतो. फुफ्फुस सारखं बिघडलेलं असतं तर गोष्ट सोपी होती, पण तसं नसतं. उताणं झोपलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन पाहिला, तर पाठीकडचा भाग दगडासारखा पांढरा आणि छातीकडचा थोडाच भाग काळा, म्हणजे हवा असलेला दिसतो. इटलीतले डॉ. लुचियानो गॅतिनोनी यांनी या उरलेल्या भागाला ‘बेबी लंग’ म्हटलं, कारण तो आकाराने पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढाच असतो. आता पाहा, शरीर साठ किलोच्या पुरुषाचं, आणि श्वास घ्यायला फुफ्फुस पोराचं. त्यात मोठ्या माणसाची हवा जोराने भरली तर काय होईल? जो भाग धड आहे तोच ताणून फाटेल, सुजेल. म्हणजे ज्या यंत्राने जीव धरून ठेवायचा, तेच यंत्र फुफ्फुस आणखी बिघडवणार.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना त्यांच्या उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या प्रत्येक किलोमागे १२ मिलिलिटर हवा प्रत्येक श्वासाला दिली, बाकीच्यांना फक्त ६. पहिल्या गटात जवळजवळ ४० टक्के दगावले, दुसऱ्यात ३१. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही. फक्त भाता हळू चालवला. त्यानंतर २०१३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या ४६६ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं, की अशा रुग्णाला रोज सोळा-सोळा तास पालथं झोपवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. पालथं झोपवायला नवं यंत्र लागत नाही, पण नळ्या सांभाळत रुग्ण उलटवायला चार-पाच जाणती माणसं लागतात. ज्या ठिकाणी ही माणसं नाहीत, तिथे एक्मोची चौकशी करणं म्हणजे पायाआधी कळस बांधणं. हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे.

पण काही रुग्ण याहीपलीकडे जातात. भाता कितीही हळू चालवला, पालथं झोपवलं, शंभर टक्के ऑक्सिजन दिला, तरी रक्तातला प्राणवायू चढत नाही. इथे एक्मोचा विचार येतो. एक्स्ट्राकॉर्पोरियल मेम्ब्रेन ऑक्सिजनेशन या लांबलचक नावाचं ते लघुरूप आहे. सरळ मराठीत सांगायचं, तर रक्त शरीराबाहेर काढून, एका पडद्यावरून नेऊन, त्याला प्राणवायू देऊन परत शरीरात सोडणं.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. हृदयच थकलं असेल, तर रक्त नीलेतून काढून रोहिणीत सोडतात, म्हणजे यंत्र हृदय आणि फुफ्फुस दोघांचंही काम करतं. जयललितांना जे लावलं गेलं ते हृदय थांबल्यावर, हे लक्षात घ्या. विषाणूच्या न्यूमोनियात बहुधा हृदय ठीक असतं. मग रक्त नीलेतून काढून पुन्हा नीलेतच सोडतात. ते हृदयाकडे जाताना आधीच लाल झालेलं असतं आणि हृदय ते नेहमीप्रमाणे शरीरभर पाठवतं. पुढे मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

यंत्र दिसायला फार मोठं नसतं. जांघेतल्या नीलेत एक नळी जाते, जाडीला सात-आठ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ करंगळीएवढी. ती वर हृदयाच्या जवळपर्यंत सरकवलेली असते. तिच्यातून काळसर रक्त पंपाकडे येतं. हल्लीच्या पंपात चुंबकाच्या जोरावर एक छोटी चकती मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि रक्त पुढे लोटते. पुढे येतो तो कृत्रिम पडदा. पडदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कापड येतं, पण हा असतो शेवयांसारख्या अत्यंत बारीक, पोकळ नळ्यांचा गठ्ठा. नळ्यांच्या आतून ऑक्सिजन वाहतो आणि बाहेरून रक्त. सगळ्या नळ्यांचा पृष्ठभाग मिळून जेमतेम दोन चौरस मीटर. आपल्या फुफ्फुसाच्या सत्तरांपुढे हे दोन काहीच नाहीत. तरी ते पुरतं, कारण आतून शुद्ध ऑक्सिजन जात असतो आणि रुग्ण झोपलेला असतो, जिना चढत नसतो. मग लाल झालेलं रक्त बहुधा मानेतल्या नीलेतून परत जातं. वाटेत ते गरमही करावं लागतं, नाहीतर एवढं रक्त बाहेर फिरून माणूस गारठेल.

एवढी जाड नळी कशाला, असं पुष्कळजण विचारतात. थोडं गणित करू. झोपलेल्या मोठ्या माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. हिमोग्लोबिन १२ असेल आणि नीलेतलं रक्त सत्तर टक्के भरलेलं असेल, तर ते शंभर टक्के भरल्यावर एका लिटरमागे सुमारे ४८ मिलिलिटर प्राणवायूची भर पडते. म्हणजे २५० ची गरज भागवायला मिनिटाला पाच लिटर रक्त यंत्रातून गेलं पाहिजे. पाच लिटर म्हणजे शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त, दर मिनिटाला! सलाइनच्या सुईतून ते कसं जाणार? कार्बन डायऑक्साइड काढणं त्या मानाने सोपं आहे, त्याला रक्ताचा एवढा प्रवाह लागत नाही. प्राणवायू देणं हेच अवघड.

हे गणित नातेवाइकांना सांगितलं, की त्यांची एक भीती कमी होते. यंत्र लावल्यावर ते मॉनिटरकडे पाहतात आणि म्हणतात, ‘एवढं मशीन लावलं तरी ऑक्सिजन ८६ च?’ हृदयाकडे येणारं सगळं रक्त काही नळीच्या वाट्याला येत नाही. थोडं निसटतंच, आणि ते काळं रक्त लाल रक्तात मिसळतं. हिमोग्लोबिन नीट असेल आणि हृदय चांगलं चालत असेल, तर ८५-८८ चा आकडा या दिवसांत चालतो. त्याच्यासाठी व्हेंटिलेटरचा जोर वाढवणं म्हणजे ज्यासाठी यंत्र लावलं त्यावरच पाणी सोडणं.

कारण एक्मोचा खरा उपयोग इथे आहे. ते विषाणू मारत नाही, सूज उतरवत नाही, फुफ्फुस दुरुस्त करत नाही. हाड मोडल्यावर प्लास्टर घालतात, तसं समजा. हाड आपलं आपणच जुळतं. प्लास्टर त्याला हलू देत नाही, इतकंच. यंत्र चालू झालं की व्हेंटिलेटर अगदी खाली आणतात, मिनिटाला दहा-बारा श्वास, तेही उथळ, फुफ्फुस मिटून जाऊ नये इतकाच दाब. छाती जेमतेम हलते. ‘आमचा माणूस श्वासच घेत नाहीये,’ असं घरच्यांना वाटतं, पण तसंच अपेक्षित असतं. फुफ्फुस रजेवर आहे.

ही साधी गोष्ट कळायला वैद्यकाला बरीच वर्षं लागली. हृदय-फुफ्फुस यंत्राचं स्वप्न जुनं. डॉ. जॉन गिबन यांनी वीस वर्षांहून अधिक काळ खपून असं यंत्र तयार केलं आणि मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात ते वापरून एका तरुणीच्या हृदयातलं छिद्र यशस्वीपणे बुजवलं. पण ते यंत्र काही तासांपुरतं. त्यात रक्त आणि ऑक्सिजन थेट एकमेकांना भिडत, आणि फार वेळ तसं ठेवलं तर रक्तपेशी फुटत. मध्ये पडदा हवा होता. त्याची चाहूल आधीच लागली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड बनवणाऱ्या डॉ. विलेम कोल्फ यांच्या लक्षात आलं, की सेलोफेनच्या नळीतून जाताना रक्ताचा रंग उजळतो. मूत्रपिंडासाठी केलेल्या खटाटोपात फुफ्फुसाचा धागा असा हाती लागला! १९७२ साली डॉ. डोनाल्ड हिल यांनी मोटरसायकल अपघातातल्या २४ वर्षांच्या तरुणाला पडद्याच्या यंत्रावर ७५ तास ठेवून वाचवल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा सर्वांना वाटलं की आता मार्ग मोकळा झाला.

मग अमेरिकेत सरकारी मदतीने नऊ केंद्रांत रीतसर तुलना झाली. १९७९ साली निकाल आला. एकूण ९० रुग्ण. एक्मो मिळालेल्या ४२ पैकी ४ जगले आणि न मिळालेल्या ४८ पैकीही ४ च. मोठ्या माणसांसाठी एक्मो जवळजवळ अडगळीत गेलं. आज मागे वळून पाहिलं तर कारणं स्पष्ट दिसतात. यंत्र लावल्यावरही व्हेंटिलेटर पूर्वीच्याच जोराने चालू ठेवला होता. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाने रक्तस्राव भयंकर होत असे. सुधारणा दिसली नाही, तर पाच दिवसांत यंत्र काढत. म्हणजे प्लास्टर घातलं, त्याच पायाने पळवलं आणि पाचव्या दिवशी हाड जुळलं नाही म्हणून प्लास्टरला नावं ठेवली.

यंत्र टिकून राहिलं ते नवजात बालकांमुळे. १९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका तान्ह्या मुलीला त्यावर ठेवून वाचवलं. तिची आई तिला सोडून गेली होती. परिचारिकांनी तिचं नाव ठेवलं एस्पेरांझा, स्पॅनिश भाषेत आशा. पुढे हजारो बाळं या उपचाराने जगली. १९८९ साली एल्सो ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्याकडे जगभरच्या रुग्णांच्या नोंदी जमा होतात. मोठ्यांच्या बाबतीत गॅतिनोनींनी मिलानमध्ये फुफ्फुसाला विसावा देण्याचा विचार चिकाटीने पुढे नेला. १९८६ साली त्यांनी सांगितलं, की ४३ पैकी जवळजवळ निम्मे रुग्ण वाचले. दरम्यान पडदे सुधारले, पंप सुधारले, हेपॅरिन कमी पुरू लागलं.

आणि २००९ साली स्वाइन फ्लू आला. पुणेकरांना ते दिवस विसरता येणार नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तीही एक शाळकरी मुलगी. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली. या फ्लूने एक वेगळीच माणसं गाठली, तिशी-चाळिशीतली, कालपर्यंत कामावर जाणारी, गरोदर स्त्रिया. आमच्याकडे व्हेंटिलेटर होते. पण मोठ्या माणसाला फुफ्फुसासाठी एक्मो देण्याचा अनुभव त्या वेळी देशात अगदी मोजक्या ठिकाणी होता. त्याच हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १५ केंद्रांत ६८ रुग्णांना एक्मो दिलं गेलं. सरासरी वय चौतीसच्या आसपास. बहुतेकांना दहाएक दिवस यंत्रावर ठेवावं लागलं. अहवाल लिहिला तोवर ६८ पैकी १४ दगावले होते, ४८ अतिदक्षता विभागातून बाहेर पडले होते. १९७९ चे आकडे ज्यांच्या डोक्यात होते, त्यांना हे वाचून धक्का बसला.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सीझर नावाच्या अभ्यासाचा निकालही आला, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा तोच. १८० रुग्ण. निम्मे आपापल्या रुग्णालयात राहिले आणि निम्मे लेस्टर इथल्या एक्मो केंद्राकडे पाठवले गेले. सहा महिन्यांनी, मोठं अपंगत्व न येता जगलेले पहिल्या गटात ४७ टक्के, दुसऱ्यात ६३ टक्के. पण थांबा. लेस्टरला पाठवायच्या ९० पैकी यंत्र प्रत्यक्षात लागलं ते ६८ जणांना. काहींचा प्रवासाआधी किंवा प्रवासात मृत्यू झाला, आणि बरेचजण तिथल्या काळजीपूर्वक व्हेंटिलेटर उपचारावरच सांभाळले गेले. टीकाकार म्हणाले, यात यंत्राचा गुण किती आणि अनुभवी हातांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. टीका खरी आहे. पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर मला त्यातून एक व्यवहारी गोष्ट दिसते. अशा आजारात माणूस वेळेवर जाणत्या केंद्राकडे हलवणं, हाच उपचाराचा मोठा भाग आहे. यंत्र लागलं तर लागलं.

२०१८ सालचा फ्रान्समधला ईओलिया अभ्यासही असाच वादाचा ठरला. २४९ रुग्ण. ६० दिवसांत एक्मो गटात ३५ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ४६ टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कडक कसोटीवर तो सिद्ध झाला नाही. अडचण अशी होती, की दुसऱ्या गटातल्या २८ टक्के रुग्णांना प्रकृती फारच ढासळल्यावर अखेर एक्मो द्यावंच लागलं, आणि उशिरा दिलेल्या या लोकांपैकी निम्म्याहून अधिक दगावले. डॉक्टरांनी तरी काय करावं? यंत्र शेजारी उभं असताना अभ्यासाच्या नियमाखातर रुग्ण समोर जाऊ द्यायचा?

मग करोना आला. मे २०२० पर्यंतच्या एल्सोच्या नोंदींत ३६ देशांतले १०३५ रुग्ण होते. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण ९० दिवसांत ३७ टक्क्यांच्या आसपास होतं. व्हेंटिलेटरवर सर्व उपाय थकलेल्या रुग्णांचा हा आकडा, म्हणजे बराच चांगला. पण पुढे तो बिघडला. आधीपासून हे काम करणाऱ्या केंद्रांत मे २०२० नंतर तो ५२ टक्क्यांजवळ गेला आणि करोनासाठी एक्मो उशिरा सुरू केलेल्या केंद्रांत ५९ टक्क्यांजवळ. याला कारणं अनेक आहेत. एक उघड आहे : नंतरच्या काळात जे रुग्ण यंत्रापर्यंत आले, ते औषधांनी आणि मास्कच्या व्हेंटिलेटरने सुधारण्याची वाट पाहून, फुफ्फुस पुरतं घट्ट झाल्यावर आले.

म्हणून दिवस मोजणं महत्त्वाचं. जोराच्या व्हेंटिलेटरवर सात दिवसांहून अधिक काळ गेला असेल, तर यंत्राचा उपयोग झपाट्याने कमी होतो. माझ्या अनुभवात घरच्यांचा फोन बहुधा दहाव्या-बाराव्या दिवशी येतो. ‘इथले डॉक्टर म्हणतात आता आमच्या हातात काही नाही, तुमच्याकडे मशीन आहे ना?’ या प्रश्नाला तोंड देणं फार जड जातं. साताऱ्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याच्या भावाने असाच फोन केला होता. जमीन विकायची तयारी होती. त्यांच्या डॉक्टरांशी बोललो, तर मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये मोठा रक्तस्राव दिसला होता. एक्मोच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावं लागतं, आणि अशा मेंदूला हेपॅरिन म्हणजे घात. मी नाही म्हणालो, आणि का नाही ते त्या भावाला दोनदा समजावून सांगितलं. जमीन विकू नका, हेही सांगितलं. तो शेवटी एवढंच म्हणाला, ‘साहेब, आधी कुणी हे नीट सांगितलं असतं तर दादाला हलवलं असतं.’

खर्चाचंही बोलायला हवं. नळ्या आणि पडद्याचा संचच लाखांत जातो, वर रोजचं रक्त, तपासण्या, औषधं. आठवडे निघाले तर भलीभली घरं कर्जात बुडतात. तरीही खरा तुटवडा यंत्राचा नसतो, माणसांचा असतो. एक्मोवरच्या रुग्णाजवळ चोवीस तास शिकलेली परिचारिका लागते, परफ्युजनिस्ट लागतो. ती परिचारिका दर काही तासांनी हातात बॅटरी घेऊन पडद्यावर प्रकाश टाकते आणि आत कुठे काळी गुठळी दिसते का ते पाहते. दोन्ही नळ्यांच्या रंगातला फरक पाहते. जाणारी काळसर, येणारी लालभडक. फरक कमी दिसला, तर पडदा थकला. पंपाजवळ एक हाताने फिरवायचं हँडल टांगलेलं असतं. वीज गेली, बॅटरीही दगा देऊन गेली, तर रक्त हाताने फिरवायचं. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी ते हँडल फिरवायला लावतो. दहा मिनिटांत घाम फुटतो.

धोकेही लहान नाहीत. रक्त पातळ ठेवावं तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव, घट्ट ठेवावं तर यंत्रात गुठळी. या दोरीवरून रोज चालायचं. शिवाय जंतुसंसर्ग, नळी घातलेल्या पायाची सूज. म्हणून वय फार झालेलं, आधीच दुर्धर आजार असलेला, मेंदूला गंभीर इजा झालेला रुग्ण, अशांना आम्ही सहसा नाही म्हणतो.

यंत्र लावायच्या आधी घरच्यांशी आणखी एक बोलणं करावं लागतं, आणि ते पहिल्याच दिवशी करावं असा माझा आग्रह असतो. फुफ्फुस परत आलं नाही तर काय? मोजक्या रुग्णांत फुफ्फुस प्रत्यारोपणाचा विचार होतो. बाकीच्यांत कधीतरी यंत्र थांबवण्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे ही गोष्ट बेकायदा आहे असं अजून पुष्कळांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये बऱ्या होण्याची आशा न उरलेल्या रुग्णाचे कृत्रिम आधार ठरलेल्या पद्धतीने काढून घेण्यास मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत थोडी सुटसुटीत केली. घरात मोठा भाऊ कोण, निर्णय कोण सांगणार, हे आधी ठरलं नसेल तर तिसऱ्या आठवड्यात आयसीयूच्या दाराबाहेर भांडणं होतात. त्या भांडणांत रुग्णाच्या बायकोला कुणी विचारत नाही, हेही पाहिलं आहे. मी तिला आधी विचारतो.

आणि फुफ्फुस परत येतं तेव्हा? ते हळूहळू कळतं. एक्स-रेमध्ये पांढऱ्यात काळं दिसू लागतं. उथळ श्वासालाही छाती जरा जास्त उचलते. मग एक सकाळ ठरवून आम्ही पंप चालू ठेवतो आणि पडद्यातला ऑक्सिजन बंद करतो. रक्त फिरत राहतं, पण आता दोन्ही नळ्या सारख्याच काळसर. प्राणवायूचं सगळं काम रुग्णाच्या फुफ्फुसाकडे आलेलं असतं. व्हेंटिलेटर नेमस्त ठेवून तासातासाने रक्त तपासतात. काही वेळा दोन तासांतच ऑक्सिजन पुन्हा चालू करावा लागतो आणि चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न. बारा-बारा तास रक्त ठीक राहिलं, की नळ्या काढतात, टाका घालतात आणि जागा बराच वेळ हाताने दाबून धरतात.

त्यानंतरचं काम फिजिओथेरपिस्टचं. तीन आठवडे पडून राहिलेल्या माणसाच्या मांड्या काठीसारख्या होतात. चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही, रात्री भलतेसलते भास होतात. घरी गेल्यावर जिन्याच्या चार पायऱ्यांवर धाप लागते आणि शेतावर किंवा कामावर परतायला कित्येक महिने जातात. फुफ्फुसाची तपासणी तीन आणि सहा महिन्यांनी करून घ्यावी, आणि त्या मुदतीत हिवाळा-पावसाळा येत असेल तर फ्लूची लस आधी टोचून घ्यावी.